आमच्या डिपार्टमेंटातला बारका आरएनए

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. चार माणसं वर्षानुवर्षं एकाच किटलीतला चहा प्यायली की ते आपोआप साठतात. लग्नाकार्यात दुसऱ्या कॉलेजची मंडळी भेटली की मला घेरतात, सांगा की राव तुमच्या झूलॉजीतलं एखादं. मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण घरी जाताना गाडीवर विचार करतो, की आमच्या डिपार्टमेंटचा एकही किस्सा असा नाही, ज्यात शेवटी कुणाची तरी मान खाली जात नाही.

आमचं कॉलेज उमरग्यात, हैदराबाद हायवेला लागून. वर्गाबाहेरनं लोडेड ट्रक चालला की वाक्य मधेच थांबवायचं आणि तो गेल्यावर पुढचा शब्द उच्चारायचा, ही आम्हाला सवयच लागलीय. डिपार्टमेंटात आम्ही तिघं. विभागप्रमुख बिराजदार सर, मी, आणि सगळ्यात शेवटी आलेल्या तबस्सुम मॅडम.

मॅडम मूळच्या परंड्याच्या. पीएचडी हैदराबादला केली. विषय असा, की अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भात साध्या पेशीची मज्जापेशी कधी आणि कशी होते, आणि त्यात मायक्रोआरएनए नावाच्या अगदी बारक्या रेणूंचा हात किती. मज्जापेशी म्हणजे मेंदूच्या, नसांच्या पेशी. मॅडम रुजू झाल्या तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत बिराजदार सर म्हणाले, "एवढ्याशा आरएनएवर पीएचडी? आमच्या वेळी अख्ख्या जनावरावर करायचे."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मी जरा जास्तच हसलो, कारण सर माझे साहेब.

*

नंतर विद्यापीठाचा नवा सिलॅबस आला. त्यात हा एवढासा आरएनए चांगला एक अख्खं युनिट अडवून बसलेला. बिराजदार सरांच्या एमएस्सीच्या पुस्तकात आरएनए तीनच प्रकारचे. पोरांच्या पिढ्यान्पिढ्यांना त्यांनी तेच सांगितलेलं, आरएनए तीन, चौथा सांगितला तर मार्क कापीन.

ते युनिट अर्थातच मॅडमकडं गेलं. पहिल्या तासाला सर दारात येऊन उभे राहिले. पोरं उठली. सरांनी त्यांना हातानंच बसवलं आणि छताकडं बघत म्हणाले की या वर्गातला पंखा आवाज करतो अशी तक्रार आहे, ती बघायला आलोय. मागच्या बाकावर जाऊन बसले. तास संपेपर्यंत मान वर, कान फळ्याकडं.

मॅडम सोपं करून सांगत होत्या. गर्भातली अगदी सुरुवातीची पेशी काहीही होऊ शकते. कातडी होईल, मांस होईल, नस होईल. तिच्या पोटात सगळ्याच कामांचे निरोप फिरत असतात. त्या निरोपांना मेसेंजर आरएनए म्हणायचं. नस व्हायचं असेल तर बाकीची कामं करायचे निरोप आधी गप्प करावे लागतात. मायक्रोआरएनए स्वतः काही बनवत नाही. तो फक्त नको त्या निरोपाला जाऊन चिकटतो आणि तो निरोप तिथंच मिटतो.

पुढच्या तासालाही सर पंखा बघायला आले. त्याच्या पुढच्यालाही. त्या टर्ममध्ये आमच्या कॉलेजात त्या एका पंख्याची जेवढी काळजी घेतली गेली तेवढी प्राचार्यांच्या एसीचीही घेतली गेली नसेल. पोरांनाही कळलेलं होतं. कुणी हसत नव्हतं, एवढं मात्र पोरांचं मानलं पाहिजे.

शेवटी मॅडमनीच एक दिवस फळा पुसता पुसता, मागं न बघता सांगितलं, "सर, उद्याचा तास लॅबमध्ये आहे. तिथं पंखा नाही."

सरांचे कान लाल झाले. मग म्हणाले, "मग ट्यूबलाइट बघतो."

*

त्याच वर्गात अंकिता नावाची मुलगी होती. ढोकीची, होस्टेलला राहायची. पहिल्या बाकावर बसणारी, प्रश्न विचारणारी.

मॅडमना वाटलं आपल्या भागातलं उदाहरण द्यावं. फळ्यावर साखर कारखाना काढला. पेशीचं केंद्र म्हणजे कारखान्याचं ऑफिस. मेसेंजर आरएनए म्हणजे तिथनं निघालेली ऊसतोडीची चिठ्ठी. चिठ्ठी फडावर पोचली की टोळी तोड सुरू करते. आणि मायक्रोआरएनए म्हणजे ती चिठ्ठी मधल्या मधे अडवणारा माणूस.

मागनं एक पोरगा बोलला, "म्हंजे अंकिताचे पप्पा."

वर्ग खदखदून हसला. मॅडमना आधी कळलंच नाही. अंकिताचे वडील कारखान्याच्या शेतकी खात्यात, चिठ्ठ्या वाटायच्या कामावर. ज्याचा ऊस वेळेवर जात नाही तो त्यांच्याच नावानं बोलतो, आणि वेळेवर कुणाचाच जात नाही. त्या भागातनं आलेल्या निम्म्या पोरांनी घरी ते नाव शिव्यांसकट ऐकलेलं. अंकितानं मान खाली घातली ती तासभर वर केली नाही. तास संपल्यावर मॅडम स्टाफरूममध्ये येऊन बसल्या, चहा पुढं थंड होत गेला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या की मी एका पोरीच्या बापाला फळ्यावर टांगलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तोच कारखाना काढला. म्हणाल्या, काल माझं उदाहरण अर्धवट राहिलं. सगळ्यांचा ऊस एकाच दिवशी तोडला तर काय होईल ते सांगा. पोरं म्हणाली, वाळून जाईल कारखान्याच्या गव्हाणीपुढं. मॅडम म्हणाल्या, गर्भाच्या मेंदूतही तसंच आहे. सगळ्याच पेशी एकदम मज्जापेशी झाल्या तर वाढायला मागं पेशीच उरणार नाहीत, मेंदू लहानच राहील. म्हणून काही मायक्रोआरएनए थांब म्हणतात, काही आता मज्जापेशी हो म्हणतात. अडवणं ही लबाडी नाही, पाळी लावणं आहे. चिठ्ठी अडवणारा नसेल तर मेंदूच तयार व्हायचा नाही.

मागचा पोरगा वहीत बघत बसला. मग अंकिता उभी राहिली.

"मॅडम, चिठ्ठी अडवा म्हणून पप्पांना वरनं फोन येतो. पेशीत फोन कोण करतं?"

नंतर मॅडम आम्हाला सांगत होत्या, की हाच प्रश्न त्यांच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकानं विचारला होता, आणि तेव्हाही त्यांना धड उत्तर देता आलं नव्हतं.

*

आता माझं ऐका. दुसऱ्यांच्याच फजित्या सांगत बसणं बरं नव्हे.

मॅडमना प्रॅक्टिकलसाठी अंडी हवी होती. इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवायच्या पेटीत ठेवायची, आणि दोन-तीन दिवसांनी कवचाला खिडकी पाडून आत गर्भ बघायचा. पाठीचा कणा जिथं होणार तिथं नळी कशी तयार होते, हृदय कसं धडधडतं, सगळं दिसतं. मी म्हटलं, अंड्यांचं माझ्यावर सोडा. कॉलेजसमोरच्या दुकानातनं एक ट्रे आणला. चांगली, पांढरी, एकसारखी, एकही तडकलेलं नाही. स्वतः निवडून घेतलेली.

पेटीत ठेवली. रोज सकाळी मी तापमान बघत होतो. पोरांना सांगत होतो, आता आत चेतासंस्थेचा पाया पडत असेल.

ठरलेल्या दिवशी पोरं गोळा झाली. मॅडमनी हळूच कवच कापलं. आत नुसता पिवळा बलक. दुसरं कापलं, तेच. तिसरं, चौथं, सगळी तशीच. बिराजदार सर म्हणाले, लाइट गेली असेल रात्री. मी म्हणालो, गेलीच होती. खरं म्हणजे गेली नव्हती.

मॅडमनी कात्री खाली ठेवली आणि अगदी हळू, मला एकट्याला ऐकू जाईल असं विचारलं, "सर, त्या पोल्ट्रीत कोंबडे असतात का?"

पोल्ट्रीत नुसत्या कोंबड्या. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यात गर्भ कुठला? ही गोष्ट मी अकरावीच्या पोरांना शिकवतो.

मी रूमाल काढून चष्मा पुसायला लागलो. तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, सर, मग या अंड्यांचं काय करायचं? बिराजदार सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्यांच्या घरी पाठवा. भुर्जीला प्रॉब्लेम नाही."

पुढची अंडी पोरांनी आपापल्या गावाकडनं आणली. जिथं कोंबडा पहाटे ओरडतो तिथनं.

*

त्या अंड्यांचं प्रॅक्टिकल जमल्यावर बिराजदार सरांना हुरूप आला. त्यांनी ठरवलं की मॅडमच्या हैदराबादच्या गाइडना व्याख्यानाला बोलवायचं. गाइड म्हणजे नलिनी मॅडम, मूळच्या नांदेडकडच्या, वयानं साठीला आलेल्या. त्या तयार झाल्या. सरांनी फ्लेक्सवाल्याला मोबाइलवर मजकूर पाठवला. वर विषय लिहिला, मायक्रोआरएनए. खाली पाहुण्यांचं नाव.

सकाळी आम्ही गेटवर आलो तर हायवेवरनं दिसेल एवढा मोठा फ्लेक्स लागलेला. चारही बाजूंनी फुलं. मधोमध ठळक अक्षरात, "मा. मायक्रो आरएनए साहेब यांचे हार्दिक स्वागत". खाली बारक्या अक्षरात नलिनी मॅडमचं नाव, शुभेच्छुकांच्या रांगेत. फ्लेक्सवाल्याचं म्हणणं, सर, तुम्हीच वर लिहिलं होतं ते. वर असतो तो पाहुणा.

काढायला वेळ नव्हता. हॉल भरला होता. संस्थेचे एक पदाधिकारी शाल आणि नारळ घेऊन दारातच उभे, साहेबांची गाडी कुठवर आली म्हणून सारखं विचारतायत. बिराजदार सर आणि मी रस्त्याकडं बघत उभे. हैदराबादचा पाहुणा म्हणजे मोठी गाडी येणार, असंच आमच्या डोक्यात. तबस्सुम मॅडम आत प्रोजेक्टर लावत होत्या.

बराच वेळ गेला. पदाधिकारी चिडले. मग मॅडम कशाला तरी बाहेर आल्या आणि ओरडल्याच, "मॅडम, तुम्ही इथं?"

गेटजवळच्या कडुनिंबाखाली सिमेंटच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्या एसटीनं आल्या होत्या. केव्हाच्या येऊन बसल्या होत्या. आम्ही त्यांना कुणाची तरी पालक समजलो होतो. मी तर मघाशी त्यांना सांगितलंही होतं की बाई, ऑफिस त्या बाजूला आहे.

पदाधिकाऱ्यांच्या हातातली शाल तशीच राहिली. नलिनी मॅडम उठल्या, फ्लेक्सकडं एकदा नीट बघून घेतलं.

"साहेब मायक्रो आहेत, दिसणार नाहीत," त्या म्हणाल्या. "चला, त्यांच्या वतीनं मी बोलते."

बोलल्या मात्र सुंदर. पोरं जेवण विसरली. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि तासभर त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही.

*

व्याख्यानाची बातमी पेपरात आली. उमरग्यात मज्जापेशींवर संशोधन, असं काहीसं हेडिंग. पुढच्याच आठवड्यात एक म्हातारे आबा काठी टेकत डिपार्टमेंटात आले. सीमेवरच्या कुठल्या तरी गावचे. काखेत एमआरआयचं मोठं पाकीट. दारावरची पाटी त्यांनी बोट ठेवून वाचली, डॉ. तबस्सुम. बाकावर बसले आणि पाय पुढं केला. म्हणाले, कमरेपासनं खाली मुंग्या येतात, नस दबलीया म्हणतात, आता तुम्हीच बघा.

मॅडमनी त्यांना समजावलं. मी माणसांची डॉक्टर नाही, कोंबडीच्या पिल्लावर अभ्यास केलाय, तोही अंड्यातल्या.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कोंबडीची का असंना, लेकी. नस ती नसच की."

आम्हाला हसू आलं. मॅडमना आलं नाही. त्यांनी आबांना रिक्षात घातलं, हायवेच्या पलीकडच्या दवाखान्यात नेलं, नंबर लागेपर्यंत बरोबर बसल्या. त्या दिवशीचे तास मी घेतले. दुसऱ्या दिवशी आल्या त्या पेंटरला घेऊनच, आणि पाटीवरचं "डॉ." पुसायला लावलं.

बिराजदार सर म्हणाले, कमावलेलं आहे ते, पुसताय कशाला. मॅडम म्हणाल्या, "ते वाचून माणूस एसट्या बदलत येतो सर. आणि आपण त्याला अंडी दाखवतो."

थोड्या वेळानं सरांनी आपल्या खोलीच्या दारावरची पाटी वाचली, जणू पहिल्यांदाच वाचतायत. त्यांच्याही नावामागं डॉक्टर आहे.

*

विज्ञान दिनाला आम्ही लॅब गावासाठी उघडी ठेवली. या वेळी गर्भ चांगले मिळाले होते. मॅडमनी टेबलावर सूक्ष्मदर्शक ओळीनं मांडले. पहिल्यात गर्भाची पाठ सपाट दिसते. पुढच्यात मधोमध चर पडलेला. त्याच्या पुढच्यात चराच्या दोन्ही कडा उचलून एकमेकींकडं झुकलेल्या. शेवटच्यात कडा जुळून बंद नळी झालेली. शेजारी खिडकी पाडलेलं एक जिवंत अंडं, त्यात लाल ठिपका धडधडतोय. बायाबापड्या बघून तोंडावर हात ठेवत होत्या.

दुपारी बिराजदार सरांच्या घरची मंडळी आली. सरांची आई, जिला घरात आणि आमच्यातही सगळे अव्वा म्हणतात. सरांच्या मिसेस, सुरेखावहिनी. आणि त्यांची मुलगी शिल्पा. शिल्पाच्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्या, हातात काठी. जन्मली तेव्हा पाठीवर, कण्यावर, गाठ होती. सोलापूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पायात जोर आला नाही. आता घरी गणिताच्या शिकवण्या घेते, निम्म्या गावाची पोरं तिच्याकडं शिकतात.

त्या गाठीचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे त्या घरात जे सांगितलं जायचं ते. सरांकडं चहाला गेलं आणि शिल्पा खोलीतनं काठी टेकत आली, की अव्वा सुस्कारा टाकून म्हणायच्या, हिच्या आईनं गिराण पाळलं न्हाय, भाजी चिरत बसली, लेकरानं भोगलं. गिराण म्हणजे ग्रहण. वहिनी चहाचे कप ठेवून आत जायच्या. सर पेपर वाचत असायचे. आम्ही बिस्किटं बुडवत असायचो. तबस्सुम मॅडम यातलं काही ऐकून नव्हत्या, त्या सरांच्या घरी कधी गेल्याच नव्हत्या.

मॅडमनी अव्वांना स्टुलावर बसवलं आणि नातीनं सांगावं तसं सांगायला लागल्या. ही पाठ. हा चर. करंजीच्या कडा जुळवतो तशा ह्या कडा जुळतात आणि नळी होते. हिच्यातनंच पुढं मेंदू आणि कण्यातली मोठी नस होते. मग आतल्या पेशींना सांगावं लागतं, बाकीची कामं बंद करा, आता तुम्ही नस व्हा. ते सांगणारे इतके बारके असतात की ह्या यंत्रातनंही दिसत नाहीत.

अव्वा एका डोळ्यानं बघत होत्या. विचारलं, "आन ह्या कडा जुळल्या न्हाईत तर?"

मॅडम म्हणाल्या, तेवढ्या जागी उघडं राहतं. बाळ जन्मतं तेव्हा पाठीवर गाठ दिसते.

मी सरांकडं बघितलं. सर खिडकीजवळ उभे होते, हातात पाहुण्यांना द्यायच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा.

"कशानं ऱ्हातं उघडं?" अव्वांनी विचारलं. "त्या बारक्यांस्नी गिराण बाधतं का?"

मॅडमनी सांगितलं, की नाही आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही. कधी फॉलिक ॲसिड कमी पडतं, कधी घराण्यात असतं, बऱ्याचदा नक्की कारण सापडत नाही. त्या बारक्यांचा त्यात किती हात, हेही अजून कुणाला पक्कं माहीत नाही. पण एक पक्कं. ही नळी पोटातल्या पहिल्याच महिन्यात मिटते. आईला दिवस गेलेत हेसुद्धा तेव्हा कळलेलं नसतं. नंतर तिनं काय केलं, काय नाही, त्यानं मिटलेली नळी उघडत नाही.

अव्वांनी सूक्ष्मदर्शकावरनं डोळा काढला.

"गिराण तर सातव्यात हुतं," त्या म्हणाल्या. स्वतःशीच म्हणाल्या, पण लॅबमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं.

मॅडमनी आता शिल्पाच्या पायाकडं बघितलं, मग वहिनींकडं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणापुढं बोलतोय. त्यांचा चेहरा उतरला. त्या काही तरी म्हणणार होत्या, पण अव्वांनी हात वर करून थांबवलं आणि खिडकीकडं वळल्या.

"तू ह्येच शिकवतूस न्हवं रं पोरास्नी?"

सर म्हणाले, "व्हय."

"कवापसनं?"

बाहेरनं एक ट्रक गेला. तो गेल्यावरही सर गप्पच होते. शिल्पा शेवटच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभी होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "माझ्या जन्माच्या आधीपासनं, अव्वा."

अव्वांनी सुनेकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. पदराचा शेव हातात धरून त्या तो नुसता पिळत राहिल्या.

सुरेखावहिनींना मी इतकी वर्षं ओळखतो. चहा घ्या, जेवून जा, याच्यापलीकडं त्यांचं एक वाक्य माझ्या कानावर पडलेलं नाही. त्या पुढं आल्या, सरांच्या हातातला तो माहितीपत्रकांचा गठ्ठा घेतला, टेबलावर नीट ठेवला. मग तबस्सुम मॅडमना म्हणाल्या,

"मॅडम, ते कडा जुळायचं पहिल्यापासनं एकदा दाखवा की. ह्यांनी बघितलं नसंल."

सरांनी चष्मा काढला आणि पहिल्या सूक्ष्मदर्शकावर वाकले.